सूर्याची धार काढणारे साडूभाऊ

सूर्यावर इतकी बारीक पाळत ठेवणारा माणूस आमच्या थोरल्या साडूभाऊंखेरीज अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही आणि होणारही नाही. राहुरीत त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पण दुकानात ते क्वचित सापडत, बहुधा पत्र्यावर सापडत. गिऱ्हाईक खालून विचारी, "अहो, माझ्या टीव्हीचं काय झालं?" आणि वरून उत्तर येई, "थांबा, ढग आलाय!" माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवाच्या भोकातून पडलेला कवडसा ते खिशातल्या मीटरने मोजत होते आणि हातातल्या अक्षता त्यांनी मीटरवरच टाकल्या, असं माझी बायको अजून शपथेवर सांगते.

नव्वदच्या दशकात त्यांना भंगारात एक सोलर पॅनेल मिळालं आणि घरादाराची शांती गेली. पॅनेल सरळ बॅटरीला जोडलं असतं तरी भागलं असतं, हे त्यांच्या बायकोलाही कळत होतं आणि ती तसं रोज म्हणतही होती. "भागलं असतं," साडूभाऊ म्हणायचे, "पण सूर्य देतोय त्यातलं कितीतरी वाया गेलं असतं!" पॅनेलमधून वीज किती ओढायची याची म्हणे एक नेमकी जागा असते. जास्त ओढली तरी नुकसान, कमी ओढली तरी नुकसान, आणि ऊन जरा हललं की ती जागाही हलते. ती जागा घडोघडी हुडकून काढणारी एक चिप ते तयार करत होते. चिपने केवढं पाऊल टाकायचं आणि किती वेळाने टाकायचं, हे आकडे तिच्यात भरावे लागत. पाऊल मोठं ठेवलं की मीटरचा काटा झोकांड्या खाई. लहान ठेवलं की ढग सरून गेला तरी चिप आपली पेंगतच असे. आकडे भरायचं यंत्र नगरला, त्यांच्या एका मित्राकडे. म्हणजे एक आकडा बदलायचा तर राहुरी ते नगर एसटी. जुनं लिहिलेलं पुसायला चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी होती. तिच्यावर जांभळा दिवा धरायचा, नवं लिहायचं आणि मग खिडकीवर काळी पट्टी चिकटवायची. सुपारीच्या डबीत चांदीच्या कागदावर चिप ठेवून ते इतक्यांदा गेले, की शेवटी कंडक्टरने विचारलं, "डबीत काय हाय ओ एवढं?" साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "मेंदू." त्या दिवसापासून कंडक्टर त्यांच्या शेजारी कुणाला बसू देईना.

आमचे सासरे बेलापूरजवळ वस्तीवर राहायचे. आम्ही जावई त्यांना मामा म्हणायचो. साडूभाऊंनी साखर कारखान्यातली कायमची नोकरी सोडली, तेव्हापासून मामा त्यांच्याशी बोलताना नेहमी गोठ्याकडे बघत. मामींना उन्हाळा सोसत नव्हता, आदल्या वर्षी त्या दोनदा चक्कर येऊन पडल्या होत्या, आणि वीज तर भर दुपारीच जायची. साडूभाऊंनी सगळ्यांसमक्ष जाहीर केलं, "या उन्हाळ्यात मामींचा पंखा बंद पडणार नाही. पडला तर वस्तीवर पाऊल ठेवणार नाही." मामा म्हणाले, "कागदावर लिवून द्या." साडूभाऊंनी खरंच लिहून दिलं!

मामांना कळावं म्हणून त्यांनी चिपचं काम धारेच्या भाषेत समजावलं. "गाय कशी, हात ओळखून पान्हा सोडते? तसंच पॅनेलचं. चिप म्हणजे धार काढणारा हात."

"अन सूर्याला पेंड कोन घालनार?" मामांनी विचारलं.

पण पॅनेल वस्तीच्या छपरावर चढलं, चिपचं खोकं पंख्याजवळ बसलं आणि पंखा फिरला. मामी दुपारभर त्याच्याखाली निवडणं-टिपणं करत बसू लागल्या, आणि ऊन चांगलं तापलं की मामाही काहीतरी हुडकायच्या निमित्ताने तिथे येऊ लागले. पुढे दहा-बारा दिवसांनी, ऐन वैशाखात, पंखा थांबला.

निरोप मिळाला तसे आम्ही दोघे निघालो. साडूभाऊ काट्याच्या कुंपणापाशी येऊन थबकले. "मी शब्द दिलाय," ते म्हणाले. "खोकं इकडे आणा." रणरणत्या उन्हात मी खोकं बाहेर नेलं. त्यांनी चिप बघितली आणि हळूच विचारलं, "हिच्यावरची काळी पट्टी कुणी काढली?"

मामींनी मामांकडे पाहिलं. मामांनी गोठ्याकडे.

"म्या काढली," मामा म्हणाले. "सूर्य बघायचं काम त्याचं, अन डोळ्यावर पट्टी! दिसंल कसं? म्हून काढली, अन झाकन उघडून रोज उन्हाला तोंड करून ठिवलं. म्हनलं, तुमची चिप जरा जोमानं चालंल."

आता स्फोट होणार म्हणून मी दोन पावलं मागे सरलो. साडूभाऊ चिपकडे बघत राहिले आणि एकाएकी खो-खो हसत सुटले. "मामा, सूर्यानंच तिचं सगळं पुसून टाकलं हो! त्या जांभळ्या दिव्यात जे आहे, ते उन्हातही असतं." मग डोळे पुसत म्हणाले, "चूक माझी. पट्टी कशासाठी ते तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलंच नाही."

मामांनी स्वतः फाटकाची काटी बाजूला केली. "चूक माझी हाय. तुमचा शब्द मोडला न्हाई. या आत."

दुसऱ्या दिवशी दोघे नगरला गेले. चिप मामांनी धरली होती, दोन्ही हातांत, आणि एसटीत जागा मिळूनही ते म्हणे टेकून बसले नाहीत. संध्याकाळच्या आत पंखा पुन्हा सुरू झाला. नंतरच्या रविवारी मी गेलो, तर पडवीत मामा साडूभाऊंसमोर मांडी घालून बसलेले. जमिनीवर खडूने काढलेली पॅनेलच्या विजेची डोंगरासारखी रेघ, आणि मामा तिच्या शेंड्यावर, म्हणजे त्या नेमक्या जागेवर, बोट ठेवून विचारत होते, "अन ढग आला की ह्यो शेंडा कुठं जातो? सावकाश सांगा, मला समजू द्या." दोघांना माझी चाहूलसुद्धा लागली नाही.

मी चपला काढून बराच वेळ उंबऱ्याशी उभा राहिलो. मी सरकारी कचेरीत होतो, मामा चारचौघांत माझी उदाहरणं द्यायचे, आणि मलाही ते आवडायचं. पण मी दिवसभर नेमकं काय करतो, हे त्यांनी मला शेवटपर्यंत कधी विचारलं नाही.