वळणावरची पोरगी

नव्वदच्या दशकात आमच्या शिरूर तालुक्यात भीमेतून वाळूचे ट्रक भरून जायचे. मागं राहिलेले खड्डे पाण्याखाली दिसायचे नाहीत आणि ते बुजवायची कुणाला पडलेली नव्हती. आम्ही पोरी धुणं धुवायला गेलो, की शेजारची मामी दरडावायची, "त्या वळणाला जाऊ नका. तिथली पोरगी पाय धरून आत ओढती." आम्ही घाबरायचो आणि मागं मामीला हसायचो.

माझं लग्न ठरल्यावर आईनं सांगितलं, मामीची थोरली लेक तिथल्याच खड्ड्यात बुडाली होती. मामी आईला म्हणाली होती, "नुसता खड्डा हाय म्हणलं, तर पोरी मुद्दाम बघाय जात्यात."

सासरी निघताना मी आधी मामीच्या पाया पडले. आम्ही जगावं म्हणून तिनं स्वतःच्या लेकीचं भूत केलं होतं.