पुढची मोळी
गुळाच्या काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास आला की ती दुपार आठवते. नोकरी अजून कच्ची होती आणि नेटवर्कवरून येणारे माहितीचे तुकडे, म्हणजे पॅकेट, हाताळणारा माझा प्रोग्रॅम मागे पडत होता. प्रत्येक पॅकेटची माहिती मेमरीतून येईपर्यंत प्रोसेसर नुसता थांबायचा. त्याच काळजीत गारगोटीजवळच्या आमच्या गुऱ्हाळावर बसलो होतो. वडील चरकात ऊस घालत होते. हातातली मोळी निम्मी असतानाच ते आईला म्हणाले, "पुढची आण की." मी म्हणालो, "ही तरी संपू दे." "मग ती आणस्तोवर चरक मोकळाच फिरंल की, इंजिनेर." परत जाऊन मी हातातलं पॅकेट चालू असतानाच पुढच्याची माहिती मागवून ठेवली. प्रोग्रॅम धावला, नोकरी पक्की झाली. हे कुठं शिकलास, साहेबांनी विचारलं. घरातला पहिला पदवीधर मी, पण त्याचं उत्तर आजही तेच देतो: वडिलांकडं, चरकापाशी.