हळदीचं सूर्यफूल

माझ्या भाचीला वयाच्या चौथ्या वर्षी एकच व्यसन होतं, रंगाचा ब्रश चाटायचं. निळा चाटला की घरभर जीभ दाखवत फिरायची, हिरवा चाटला की चव सांगायची. त्या दिवाळीला ताई माहेरी आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं मला बजावलं, विकतचा रंग आणलास तर गाठ माझ्याशी आहे.

आणि नेमकं त्याच दिवाळीला भाचीला आमची रस्त्याकडची भिंत रंगवायची होती. कारण गंभीर होतं. आदल्या वर्षी दाजी आष्टीहून मोटारसायकलवर मायलेकींना न्यायला निघाले, ते आमचं पाली गाव ओलांडून पार बीडपर्यंत गेले. दिवाळीत चुना दिलेली सगळी घरं सारखीच दिसतात, हा त्यांचा बचाव. आम्ही वर्षभर हसलो. पोरीनं मात्र ते मनाला लावून घेतलं होतं. पिवळं सूर्यफूल दिसलं की तिथंच उतरायचं, असं तिनं बापाला फोनवर सांगूनही टाकलं होतं.

रंग निवडायचं काम मामाकडं आलं. मी बीडच्या एका दुकानात गेलो. वड्यांचे रंग, बाटल्यांतले रंग, तेलखडू, सगळं काउंटरवर मांडायला लावलं आणि विचारलं, यातला खाण्याजोगा कोणता? दुकानदारानं सगळं परत कपाटात ठेवलं. मग म्हणाला, "मिठाईचं दुकान पलीकडं हाय."

टोमणाच तो, पण मला गुरुमंत्र वाटला. घरी येऊन मैद्याची खळ शिजवली, तिच्यात हळद कालवली. पानांसाठी पालक वाटला, फुलाच्या मधल्या गोलासाठी काकवी काढली. अंगणात सगळ्यांना बसवून एकेक वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटून दाद दिली. ताईला परवानगी द्यावीच लागली. आई तेवढी शेजारी गेली होती, नाहीतर पुढचं घडलंच नसतं.

पोरीनं जिभेचं टोक बाहेर काढून पहिली पाकळी ओढली. क्षणभर पिवळी. मग आमच्या डोळ्यांदेखत ती नारिंगी झाली, मग लाल. दुसरीचंही तेच. तिनं वाटीत पाहिलं, पिवळं. भिंतीवर पाहिलं, लाल. मग माझ्याकडं पाहिलं. मी मोठ्या आत्मविश्वासानं आणखी दोन चमचे हळद घातली. फूल आणखी लाल झालं.

ब्रश तोंडाकडं निघाला तेवढ्यात आई आली आणि तिनं तो हिसकावला.

"आरं, हळदीला चुना लागला की कुंकूच व्हतं, एवढं बी ठाव न्हाई? आन् चुन्यातला ब्रश पोरीच्या तोंडात? जीभ पोळंल तिची."

खाण्याजोगा रंग शोधताना भिंत खाण्याजोगी नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला हसू फुटलं, ताईलाही. भाची मात्र हसली नाही.

"आता बाबा पुढं जातील," ती हळूच म्हणाली.

फोन करून लाल सांगू, असं मी सुचवलं. तिनं विचारलं, सूर्यफूल लाल असतं का? मामा वाट्या विसळायला गेला.

दुसऱ्या दिवशी दाजी न्यायला यायचे होते. सकाळपासून ती रस्त्याकडेला पालथ्या घमेल्यावर बसली. करंजी दिली तर हातातच राहिली. गाडीचा आवाज आला की उभी राहायची, गाडी पुढं गेली की बसायची. तिचं ते उठणं-बसणं मला बघवेना. आतल्या खोलीत जाऊन मी गुपचूप दाजींना फोन लावला आणि सगळा गुन्हा कबूल केला.

ऊन कलताना दाजी आले. भिंतीच्या अलीकडंच गाडी थांबवून, अगदी परक्या माणसासारखा चेहरा करून त्यांनी तिला विचारलं, "बाई, पिवळ्या फुलाचं घर कुठं आलं हो?"

तिनं दोन्ही हातांनी त्यांची पँट घट्ट धरली. "हेच हाय. मामानं बिघडवलं."

फूल आठवड्याभरात उन्हानं विटलं. दाजी काही परत चुकले नाहीत. पण पुढं कितीतरी दिवाळ्या, गाडी दारात उभी करून, तोच परका चेहरा करून ते तिला पिवळ्या फुलाचं घर विचारत राहिले. पोरगी मोठी झाली, मैत्रिणींसमोर लाजायला लागली, आणि एका वर्षी तिनंच डोळे मोठे करून त्यांना गप्प केलं.