सुमनची चक्कर

पारावर मी रोज काय काय सांगत असतो ते आमच्या गावाला विचारा. जामखेड तालुक्यात माझ्याइतका बोलका माणूस शोधून सापडायचा नाही. पण ही एक गोष्ट तोंडाशी आली की मी तंबाखू मळायला घेतो आणि विषय बदलतो. चार वर्षं झाली. आज तुम्हाला सांगतो — तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून जमेल बहुतेक.

सुमन माझी बायको. आम्ही दोघांनी मिळून बारा हंगाम ऊस तोडला. तोडलेल्या उसाच्या मोळ्या ट्रकमध्ये भरायच्या तर ट्रकला एक फळी टेकवलेली असते. डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवरून वर जायचं. आमच्यात ते काम सुमनचं. मी खाली बसून मोळ्या बांधायचो. "ह्यांची गाठ लई पक्की," असं ती सगळ्यांना कौतुकानं सांगायची, आणि मी ऐकून घ्यायचो. गाठ बरी होती माझी, नाही असं नाही. पण बारा हंगामांत हा माणूस एकदाही ट्रकवर चढला नाही, हे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

सुमन मात्र चिंचेच्या शेंड्यापर्यंत जायची. विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसायची. मला तिकडं बघवायचं नाही — आणि त्याच वेळी ती मला फार आवडायची. अजूनही आवडते. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला खरं वाटणार नाही.

आमचा मुलगा दत्ता मुंबईत एका टॉवरच्या कामावर होता. खाली मॉल, मध्ये ऑफिसं, त्यावर बड्या लोकांचे फ्लॅट आणि सगळ्यात वर हॉटेल, असा तो प्रकार. बांधकाम चालू असताना इमारतीच्या बाहेरून माणसं वर नेणारी एक जाळीची लिफ्ट असते, ती दत्ता चालवायचा. रोज फोनवर आईला सांगायचा, वरून समुद्र कसा दिसतो, जहाजं केवढीशी दिसतात. सुमननं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही. तिला एवढंच हवं होतं — पोरगं दिवसभर जे बघतं ते एकदा त्याच्या शेजारी उभं राहून बघायचं.

तो दिवस आला खंडेनवमीला. आपण घरी कोयता-विळा पुजतो तशी तिथं यंत्रांची पूजा असते, आणि त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात. लिफ्टला झेंडूची माळ घातली होती. लिफ्टवाल्याच्या आईनं नारळ फोडायचा आणि मग पहिली फेरी तिची, असं साहेबांनीच ठरवलेलं. डोक्यावरच्या पदरावर पिवळं हेल्मेट चढवून सुमन उभी राहिली. काय दिसत होती म्हणून सांगू! नारळ एका फटक्यात फोडला. एक पाय लिफ्टमध्ये ठेवला, आणि दत्ता माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, तुमी बी या की."

मी वर बघितलं. बघायला नको होतं. एकोणपन्नास मजले — आणि ती जाळी आरपार. पन्नास-साठ माणसं बघत होती. मला उंचीची भीती वाटते, हे चार शब्द होते. नुसतं "तू जा, मी थांबतो" म्हटलं असतं तरी चाललं असतं. का नाही म्हणालो? बायको वर गेली आणि गडी खाली राहिला — हे लोकांनी बघितलं असतं, म्हणून. दुसरं काहीही कारण नाही.

मी म्हणालो, "हिला चक्कर येते. डॉक्टरनी उंचावर जायची मनाई केलीय."

सुमननं पाय मागे घेतला. रागावली नाही — घाबरली. महिन्यापूर्वी तिला तापासाठी दवाखान्यात नेलं होतं आणि डॉक्टर माझ्याशी बाजूला दोन शब्द बोलले होते. गोळ्या कधी द्यायच्या, एवढंच. पण ते तिच्या ध्यानात होतं. "अवं, मग मला का न्हाई सांगितलं?" तिनं हळूच विचारलं. आणि मी — काय सांगू तुम्हाला — मी म्हणालो, "तू काळजी करत बसली असतीस."

मग दत्तानं मला एकट्याला वर बोलावलं. मी म्हणालो, हिला खाली एकटी सोडून मी यायचा नाही. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दत्ताचे डोळे भरून आले. लिफ्ट दुसऱ्यांना घेऊन वर गेली, आणि आम्ही दोघांनी सिमेंटच्या गोण्यांवर बसून पेढे खाल्ले. तिनं माझा हात घट्ट धरला होता.

गावात हे तिनं घरोघर सांगितलं. माझ्यासाठी ह्यांनी मुंबई वरून बघायची सोडली, म्हणे. बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात. मी कपभर जास्त चहा पितो. पण सुमन त्या दिवसापासून चिंचेवर चढली नाही. पत्र्यावर वाळवण घालायला शेजारची सून लागते. विहिरीवर गेली की भिंतीला धरून चालते, आत डोकावत नाही. कधीकधी म्हणते, "गरगरल्यावानी होतंय." तिला आता खरंच होतं. माझी भीती मी तिच्या अंगात घातली आणि मोकळा झालो — मोकळा तरी कुठं झालो?

तो टॉवर पुरा झाला. आता तिथं आपल्याला दारात उभं करत नाहीत. दत्ता दुसऱ्या टॉवरवर आहे, आणि परवा खंडेनवमी आहे. त्याचा फोन आला तेव्हा सुमननंच घेतला. बराच वेळ बोलली, मग माझ्याजवळ येऊन बसली. तिनं सगळं ठरवून टाकलं होतं.

"आवंदा तुमी वर जा," ती म्हणाली. "माझ्यापायी तुमचं ऱ्हायलं, माझ्या जिवाला लई लागून हाय ते. मी बसते खाली. समुद्र नीट बगा आन् मला येऊन सांगा."

माझ्यासाठी तिनं नवा सदरा शिवून आणलाय. उद्या सकाळच्या एसटीनं निघायचं आहे. मी तिला "बरं" म्हणालो.