सहाणेवर चढलेली फटफटी

चढावर गिअर टाकताना ज्याला अजून घाम फुटतो, त्याच्या हाती नवी कोरी फटफटी देऊन कारखान्यानं त्याला आंबा घाटातून कोकणात धाडावं, ह्याला काय म्हणायचं? मला गाडी डोळे मिटून उघडता येते आणि पुन्हा जुळवताही येते. चालवायची म्हटली की मात्र हातपाय गार पडतात. पण मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "शंकर, दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. आता तूच जा. तुझं तो ऐकेल." मी बाहेर येऊन आधी दोन कप चहा प्यायलो.

'तो' म्हणजे दत्ताराम साळवी, आमचे दत्तूदादा. मातीच्या ट्रॅकवर टेकाडांवरून उड्या मारत ज्या शर्यती होतात, त्यांत हा माणूस सलग तीन वर्षं देशात पहिला आला. आठ वर्षं त्यांची गाडी माझ्या हाताखाली होती. मग दक्षिणेतल्या एका शर्यतीत शेवटच्या उडीला ते पडले आणि उजव्या खांद्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी जमेल तेवढं जोडलं, पण हात कानाच्या वर जाईना. दादांनी राजीनामा दिला आणि पालीजवळच्या आपल्या गावी जाऊन राहिले. त्याला पाच वर्षं होत आली.

तेव्हापासून आमच्या रेसिंग शेडची दशा झाली होती. पोरं गुणी, पण प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. त्यात जपान्यांशी करार करून नवनव्या गाड्या बाजारात येऊ लागल्या, आणि आमचे मालक म्हणाले, एकच हंगाम देतो. साळवी टीमचा प्रमुख म्हणून येणार असेल तर शेड चालेल, नाहीतर कुलूप. म्हणजे आम्ही सातजण परत जुळणीच्या पट्ट्यावर, दिवसभर तोच बोल्ट आवळत. खरं सांगायचं तर मला शेडपेक्षाही दादा परत हवे होते. ते गेल्यापासून मला कुणी मनापासून शिव्या घातल्या नव्हत्या.

पहाटे पुणं सोडलं. कोल्हापूरपर्यंतचा रस्ता ओळखीचा होता, त्यामुळे काही घडलं नाही. मलकापुरात एका ओळखीच्याच्या घरी पाठ टेकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरायला लागलो. फाल्गुन चालू होता. उजव्या हाताला दाट रान, खाली दरी, आणि पुढच्या चाकाखालचा रस्ता सोडून कुठंही बघायची माझी छाती नव्हती. एका वळणावर दगडी कठड्यात शेंदूर फासलेला देव आहे. त्या देवासमोरच मी वाळूवरून घसरलो आणि साष्टांग नमस्कार घातला.

मागून येणारा ट्रक थांबला. ड्रायव्हर कोल्हापूरकडचा होता. त्यानं मला उठवलं, गाडी उभी केली आणि मोडलेला क्लचचा दांडा माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "पावणं, चाकाकडं काय बघतासा? चाक कुठं पळून जातंय व्हय? रस्त्याकडं बघा की." गुडघा फुटला होता, पण त्याहून जास्त त्याचं बोलणं झोंबलं, कारण दादाही मला हेच सांगायचे.

घाट संपला तसा उकाडा सुरू झाला आणि माती लाल झाली. साखरपा मागे टाकून क्लचच्या अर्ध्या दांड्यावर रडतखडत पालीला पोचलो. बाजारात चहा घेताना साळव्यांचं घर विचारलं. हॉटेलवाल्यानं माझ्याकडे, मग गाडीकडे बघितलं. म्हणाला, शर्यतवाला दत्तू ना, घर सापडेल, पण शिमगा चाललाय, पालखी देवळात परत जाईस्तोवर तो काही तुम्हाला गावायचा न्हाय. मी मनात म्हटलं, माणूस घरी आहे ना, मग काय अडलंय.

अडलं ते मीच अडवलं. आत वाडीत शिरलो तेव्हा दुपार झाली होती आणि चिटपाखरू दिसत नव्हतं. घरं सगळी उतारावर, गाडी उभी करायला सपाट जागा म्हणून नाही. तेवढ्यात पिंपळाच्या सावलीत जांभ्या दगडाचा एक छान चौथरा दिसला. नुकताच सारवलेला, कडेनं रांगोळी. मला वाटलं, वा, स्टँड लावायला याहून चांगली जागा कोणती? जीव खाऊन ढकलत गाडी वर चढवली, स्टँडवर लावली आणि तिच्या सावलीत पाय पसरून बसलो. इंजिनातून दोन थेंब ऑइल सारवणावर पडलं, ते रुमालानं पुसलं. तेवढी अक्कल होती.

पंचा गुंडाळलेले एक म्हातारे काठी टेकत आले. हे गणूतात्या, गावचे मोठे मानकरी. त्यांनी गाडी कुणाची ते विचारलं, मी माझी म्हणालो.

"मग वाईच खाली घ्या," ते म्हणाले. "ही सहाण हाय. हितं आईची पालखी टेकते."

सहाण (गावदेवीची पालखी शिमग्यात जिथं आणून बसवतात तो चौथरा) हा शब्द मी त्या दिवशी शिकलो. हळूहळू माणसं जमली. कुणी आवाज चढवला नाही, नुसते गाडीकडे बघत उभे राहिले. आमच्याकडे एव्हाना दोन थोबाडीत बसल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. ह्या गप्प राहण्यानं मला रडू यायचं बाकी होतं. मग गर्दीतून ओळखीचा आवाज आला, "शंकऱ्या, अरे कारखान्यात तरी जागा बघून गाडी लावायचास." दत्तूदादा. केस पिकलेले, अंगात बनियन, उजवा हात शरीराशी धरलेला. मी पायच धरले.

तात्यांनी निवाडा दिला. परवा दुपारी पालखी सहाणेवर येईल तेव्हा ह्या पावण्यांनी नारळ द्यायचा, मी त्यांच्यासाठी आईला गाऱ्हाणं घालीन, आणि तोवर ह्यांनी गाव सोडायचा न्हाय. म्हणजे गुन्हेगार मी, आणि शिक्षा काय, तर दोन दिवस दादांच्या घरी राहून जेवायचं. अशी शिक्षा जन्मात परत व्हावी.

दादांच्या बायकोनं, सुलभावहिनींनी, त्या संध्याकाळी ओल्या काजूगरांची (झाडावरून काढलेल्या कोवळ्या काजूची) उसळ आणि तांदळाची भाकरी केली. कोल्हापूरच्या मटणावर वाढलेला मी, चार भाकऱ्या खाल्ल्या. हात धुवायला परसात गेलो तेव्हा वहिनींनी हळूच सांगितलं, रस्त्यानं फटफटी गेली की हे माडाला पाणी घालता घालता थांबतात, आवाज पार नाहीसा होईस्तोवर ऐकत राहतात, आणि माडाखाली तळं होतं. मला तेवढं पुरे होतं. पडवीत येऊन मी विषय काढला. शेड, मालक, एकच हंगाम, सगळं सांगितलं. नवी गाडी बघा तरी, म्हटलं.

दादांनी गाडीला हातही लावला नाही. "शंकर, ज्याला स्वतःला चालवता येत नाही, त्यानं चालवणाऱ्याला काय सांगायचं?" ते म्हणाले. "उद्या एखादं पोर विचारेल, करून दाखवा. मी काय दाखवू, हा खांदा?" मग त्यांनी पान लावायला घेतलं आणि मला माझ्या आईची तब्येत विचारली. विषय बंद.

दुसऱ्या दिवशी मी कशासाठी आलोय ते तात्यांना सांगून, त्यांची परवानगी काढून एसटीनं रत्नागिरीला गेलो, क्लचच्या दांड्यासाठी. स्टँडजवळच्या गॅरेजात दुसऱ्याच गाडीचा दांडा मिळाला, तो कानसीनं घासून बसेलसा केला. मग तार ऑफिसात पुण्याचा ट्रंक कॉल लावला. दोन तास लागतील म्हणाले, म्हणून मांडवीच्या जेटीवर जाऊन बसलो. समुद्र मी आधी पाहिला होता, पण इतका रिकामटेकडा बसून कधी नाही. एका खाणावळीत तळलेला बांगडा मागवला. वाढणाऱ्या बाईंनी माझं काटे काढणं थोडा वेळ बघितलं आणि न राहवून स्वतःच काटा सोडवून दिला. कुठून आलात, विचारलं. पुणं म्हटल्यावर त्यांना सगळं कळलं.

फोन लागला. खरखरीतून साहेबांचा आवाज आला, "सोमवारी सकाळी त्याला घेऊन ये. नाहीतर येताना शेडची किल्ली माझ्या टेबलावर ठेव." किल्ली माझ्याच खिशात होती. परतीच्या एसटीत ती सारखी मांडीला टोचत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ढोल वाजायला लागले. मुंबईची चाकरमानी मंडळी, म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, सगळा गाव सहाणेभोवती. देवळातून निघालेली पालखी, देवीची चांदीची रूपं (मुखवटे) लावून, शेतांच्या बांधांवरून नाचत येत होती. दांड्याच्या एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला एक. खांद्यावर तो भार घेऊन ते उड्या मारतात, गिरक्या घेतात. पुढचा खांदा साळव्यांच्या घरचा मान. आधी तो दादा द्यायचे, पाच वर्षं त्यांचा चुलतभाऊ देतोय.

आणि दादा पालखीच्या पुढे होते. तोंड पालखीकडे करून, उलट पावली चालत. डावा हात वर, उजवा अंगाशी. उतारावर पायऱ्या होत्या, वाटेत मुळं होती, पण ते एकदाही मागे वळून बघत नव्हते. वाट त्यांना पाठ असणार. ओठातल्या ओठात बोलत होते, "पायरी... आता डावा... थांब... घे." चुलतभावाचा चेहरा घामानं निथळत होता, डोळे अर्धे मिटलेले. सहाणेच्या तोंडाशी एक खळगा आहे. त्याचा पाय तिथं पडणार इतक्यात दादांनी त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. पाय हवेतल्या हवेत वळला आणि पालखी तसूभरही न कलता सहाणेवर बसली. ही दोन बोटं मी ओळखत होतो. शर्यतीआधी गाडीच्या टाकीवर ती अशीच टेकायची.

मग माझी पाळी. मी नारळ पुढे केला आणि तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. रिवाज असा, की प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात होकार भरायचा.

"आई, हे पुण्याचं लेकरू न कळत तुझ्या सहाणेवर गाडी घेऊन चढलं!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याची चूक पोटात घाल, त्याला घाटात सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!" हा मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हटला.

"आणि ज्या माणसाला न्यायला ते आलंय, त्या माणसाला सुखरूप धाड नि येश दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव गरजला. त्यात दादांचा आवाज होता. जन्माची सवय, तोंडातून निघून गेला. पुढच्या क्षणी त्यांचा चेहरा असा झाला, जणू चुकून न्यूट्रलमध्ये पडलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर पिळलाय. तात्या शांतपणे नारळ फोडत होते.

गर्दी पांगल्यावर दादा तात्यांसमोर जाऊन उभे राहिले. रागावले होते. आईसमोर माझ्या तोंडून वदवून घेतलंत, म्हणाले. मी पिंपळाच्या आडून ऐकत होतो, लाज सोडून.

"दत्ताराम," तात्या म्हणाले, "पाच वरसं तू खांदा दिला न्हायस. कुणी म्हणालं, पालखी दत्तूनं नाचवली न्हाय? ज्याच्या खांद्यावर दांडा असतो, त्याला फुडली पायरी दिसत न्हाय. ती सांगणारा एक लागतो."

दादा वळले. जाता जाता गाडीपाशी थांबले, वाकून पुढचं चाक बघितलं आणि सरळ घरी गेले.

त्यांचा निर्णय मला त्यांनी सांगितलाच नाही. सकाळी उठलो तर पडवीत त्यांची जुनी कातडी बॅग ठेवलेली. वहिनींनी म्हणे काल गाऱ्हाणं संपल्या संपल्या घरी येऊन भरली होती. डोळे पुसत त्यांनी मला बजावलं, हळू न्या हो भावोजी. दादा शर्टाची बटणं लावत बाहेर आले, म्हणाले, "हँडल तू धर. मी मागं बसतो." तात्या सहाणेपाशी उभे होते. दादांनी आधी देवीला आणि मग त्यांना नमस्कार केला.

देशाच्या तीन वेळच्या पहिल्या नंबराला मागे बसवून मी आंबा घाट चढत होतो. तसं पाहिलं तर फार लांब गेलो नव्हतो. तरी जाताना माझ्याजवळ एक गाडी आणि एक किल्ली होती, येताना आमची अख्खी शेड माझ्या पाठीशी बसली होती. कोकण कसं आहे म्हणून घरी सगळे विचारतील. मला एवढंच सांगता येईल, की तिथं माणसाचा खांदा मोडला तरी त्याचा मान कुणी काढून घेत नाही.

शेंदराचा देव दिसला. तेच वळण, तीच वाळू. माझी नजर आपोआप चाकाकडे गेली, आणि खांद्यावर दोन बोटं टेकली.

"वर बघ. जिथून बाहेर पडायचंय तिथं बघ. आता घे."

मी घेतलं. वळण कधी मागे पडलं ते कळलंच नाही. मग कानाशी आवाज आला, "शंकऱ्या, गाढवा, मागचा शॉक ॲब्सॉर्बर किती कडक आवळलायस? पोरांच्या गाड्यांनाही असाच लावलाय? गेल्या गेल्या सगळ्या उघड."

डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.