वाळवंटातल्या कुंडावर रेणूची दिवाळी

टेक्ससमधल्या अर्विंगची माझी शेजारीण रेणू हिने शहराच्या पाणीखात्यातल्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाली तरी तिच्या पर्समध्ये थर्मामीटर असतोच. कुणाच्याही घरी पाण्याचा पेला आधी उजेडात धरून बघते, मग तोंडाला लावते.

गेल्या दिवाळीनंतर घर विकून ती मुलीकडे जर्सी सिटीला कायमची जाणार होती. त्याआधी तिला एकच गोष्ट करायची होती. टेक्ससच्या पश्चिम टोकाला, वाळवंटी उद्यानात, गरम पाण्याचं कुंड आहे. तिथे नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान.

"चाळीस वर्षं शॉवरखाली दिवाळी केली गं. एकदा तरी वाफाळत्या पाण्यात बसू दे."

तिचा भाचा शंतनू नऊ तास गाडी चालवत आम्हा दोघींना घेऊन गेला. पहाटे मोटेलवर रेणूने अंगभर तिळाचं तेल चोळलं आणि उटण्याचा डबा पिशवीत टाकला. मी तेल लावलं नाही. तेलकट कपडे मला सोसत नाहीत.

नदीकाठच्या पायवाटेने पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. दगडी चौकोनातून वाफ निघत होती. शेजारी पाटी होती: साबण, तेल किंवा लोशन लावून पाण्यात उतरू नये.

रेणूने पाटी दोनदा वाचली आणि ती खडकावर बसली.

"मावशी, इथे कोण बघतंय यार? उतर!"

"मी बघतेय ना. एकतीस वर्षं लोकांना हेच ओरडले."

"सूर्य उगवला की नरक पक्का हं."

"जाईन नरकात. तू गाडी काढ."

दीड तास मोटेलपर्यंत, तिथे दोनदा शाम्पू, पुन्हा दीड तास. माझ्या अंगाला तेल नव्हतं, पण तिच्याशिवाय उतरायला मन होईना. मीही गाडीत बसून गेले आणि आले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी रेणू गळ्यापर्यंत पाण्यात बसली. आधी थर्मामीटर बुडवला.

"एकशे पाच फॅरनहाइट! लिही तुझ्या डायरीत."

उटणं डब्यातच राहिलं. ऊन डोक्यावर आलं होतं, नदीपलीकडचे डोंगर पांढुरके दिसत होते. मी तिच्या शेजारी पाय सोडून टेकले.

शंतनूने काठावरून विचारलं, "काय मावशी, कसा आहे नरक?"

रेणूने डोळे उघडले नाहीत.

"पाणी उत्तम आहे. तूही ये. पण आधी ते सनस्क्रीन धुऊन ये."