सकाळच्या तासाला यायचं कसं?

लेकीचं कॉलेज संपत आलं त्या वर्षी माझं सुरू झालं.

बारावी मी लग्नाआधी पास झाले होते. पुढं संसार, शेत, सासूबाईंचं आजारपण यात पदवीचं राहून गेलं. लेक पुण्याला शिकायला गेली आणि घर एकदम रिकामं झालं. एका दुपारी कांदा निवडता निवडता मी यांना म्हटलं, "अहो, मी बी.ए. करू का?"

हे गोणीचं तोंड शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "बाहेरून का रोज जाऊन?"

"रोज जाऊन."

"मग लवकर उठावं लागंल," एवढंच बोलून त्यांनी दाभणात सुतळी ओवली.

नगरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मिळाला त्या रात्रीपासून डोक्यात प्रश्नांची जत्रा भरली. वर्गात चप्पल काढायची का? साडी चालेल का? हजेरीला 'हजर' म्हणायचं की 'येस सर'? डबा कुठं बसून खायचा? मी लेकीला फोन लावला आणि एकेक विचारत सुटले. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली,

"आई, मीपण हेच सगळं मनात घेऊन गेले होते गं. विचारायची लाज वाटायची. टॉयलेट कुठंय ते कळेना म्हणून सुरुवातीला मी पाणीच पीत नव्हते."

तेव्हा फोनवर तिनं मला 'सगळं छान चाललंय' असं सांगितलं होतं.

"तू विचार," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर विचार. तुला कोण काय म्हणणार आहे?"

कॉलेज सुरू व्हायच्या आधी नव्या मुलांना आणि पालकांना एकत्र बोलावलं होतं. आमच्या गावातल्या चार-पाच मुलींनीही त्याच कॉलेजात नाव घातलं होतं, म्हणून आम्ही सगळ्या हायवेपर्यंत ट्रॅक्टरमधून आणि पुढं बसनं, अशा मिळूनच गेलो. सभागृहाच्या दाराशी शिपायानं मुलींना आत सोडलं आणि मला म्हणाला, "पालकांनी उजव्या बाजूला बसायचं."

"मी पालक न्हाई. मी नवीन विद्यार्थी."

त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या पावतीकडं बघितलं, आणि हात डावीकडं केला. "बसा मग डावीकडं, ताई."

प्राचार्यांनी भाषण केलं. शिस्त, भवितव्य, आईवडिलांचे कष्ट, सगळं झालं. शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" एवढं सभागृह भरलेलं, पण चिडीचूप. मी मात्र उभी राहिले.

"सर, बायकांचं स्वच्छतागृह कुठं आहे?"

मागच्या रांगांतून हसू फुटलं. प्राचार्य हसले नाहीत. "चांगला प्रश्न. ग्रंथालयाच्या मागं. एक पहिल्या मजल्यावरही आहे, जिन्याला लागून."

माझ्या मागं बसलेल्या एका अनोळखी मुलीनं पदर ओढला. "काकू, हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देतात का, ते विचारा ना."

मी विचारलं. मग डावीकडून कुजबुज आली, "काकू, पुस्तकं घरी न्यायला देतात का?" तेही विचारलं. इंग्रजी येत नसलं तर पेपर मराठीत लिहिता येतो का, डबा कुठं खायचा, ओळखपत्र हरवलं तर काय करायचं... माझ्या तोंडून अख्खं सभागृह बोलायला लागलं. थोड्या वेळानं तर मुलं माझ्याशिवाय आपली आपण हात वर करायला लागली. आता कुणी हसत नव्हतं.

मग आमच्याच गावची एक मुलगी उठली. मशिदीमागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान आहे. मुलगी अबोल, पण बारावीला गावात सगळ्यांत जास्त गुण तिचेच. ती म्हणाली, "सर, पहिला तास सकाळी साडेसातला आहे. आमच्या गावात पहिली बस नऊला येते. सकाळच्या तासाला यायचं कसं?"

प्राचार्यांनी वेळापत्रक उघडून बघितलं. दुपारी त्याच खोल्यांत दुसरे वर्ग भरायचे, त्यामुळं वेळ बदलणं शक्य नव्हतं. "याचं उत्तर माझ्याकडं नाही बाळा," ते म्हणाले. "बससाठी अर्ज करणार असाल तर कॉलेजचं पत्र मात्र आजच देतो."

ते पत्र घेऊन आम्ही परतलो. घोडेगावच्या पुढं हायवे सोडून बरंच आत गेलं की आमचं गाव लागतं. मला हे मोटारसायकलवर हायवेला सोडणार होते, माझं भागलं असतं. पण अंधारात पोरींना हायवेला उभं करायला कुणाचा बाप तयार होणार? आमच्या गावातल्या मुली आजवर कॉलेजात नाव घालायच्या आणि घरी बसून फक्त परीक्षेला जायच्या, त्याचं कारण हेच होतं.

दुसऱ्या दिवशी मी वेल्डिंगच्या दुकानात गेले. त्या मुलीच्या बापानं तोंडावरचा काळ्या काचेचा मुखवटा वर केला.

"भाभी, माझा शिकण्याला इरोध न्हाई," तो म्हणाला. "पण हायवेवर पोरगी उभी ऱ्हानार न्हाई. गाडी गावात आली तर पाठवतो."

"मग गाडी गावात आणू. तुम्ही येता का डेपोत?"

त्यानं मुखवटा काढून ठेवला. मग त्यानं दुकानाचं शटर ओढलं.

तालुक्याच्या डेपोतले साहेब शांतपणे ऐकून घेत होते, पण उत्तर ठरलेलं होतं. जादा गाडी नाही, जादा माणूस नाही. मी निघायच्या बेतात होते, तेवढ्यात मला एक आठवलं. शेजारच्या गावात रोज एक गाडी मुक्कामाला असते आणि पहाटे ती नगरला जाते. जुन्या रस्त्यानं, आमचं गाव बाजूला टाकून.

"साहेब, नवी गाडी नको. ती मुक्कामी गाडी आमच्या गावावरून वळवा. मधल्या ओढ्यावर आता पूल झालाय."

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडं पाहिलं. "पूल झाला ते खरं. पण तो रस्ता गाडीजोगा नाही. दोन्ही बाजूंनी बाभळी आत आल्यात, काचा फुटतील. खड्डे वेगळेच."

"रस्ता आमी करून देतो," वेल्डिंगवाला म्हणाला.

साहेब हसले. "करा. मी माणूस पाठवून बघतो. मग ठरवू."

त्या रविवारी आमच्या गावानं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. मला वाटलं होतं चार पोरींचे बाप येतील. आम्ही ओढ्यावर पोचलो तर तिथं कुऱ्हाडी, कोयते, फावडी घेतलेली माणसं आधीच उभी. ज्यांना मुली नाहीत तेही. यांनी ट्रॉली भरून मुरूम आणला. सरपंच आले ते आधी फोटोपुरते, पण मग शर्टाच्या बाह्या दुमडून खड्ड्यात उतरले. वेल्डिंगवाल्यानं पुलाचा वाकलेला कठडा तिथल्या तिथं सरळ करून जोडला. बायकांनी भाकरी, पिठलं, ठेचा आणला आणि काट्याचे ढीग ओढून बांधाला लावले. एक म्हातारबा बांधावर बसून सूचना करत होते, "ती फांदी ऱ्हायली! गाडीचा टप लई उंच असतो, वर बघा की!" त्यांनी आयुष्यात एकदाही कॉलेज पाहिलं नव्हतं. दिवस मावळला तेव्हा रस्ता असा मोकळा दिसत होता, की आम्हीच त्याच्याकडं नवलानं बघत राहिलो.

डेपोचा माणूस येऊन रस्ता बघून गेला. निरोप आला : सोमवारपासून गाडी सुरू. प्रवासी मिळाले तर कायम.

सोमवारी पहाटे गावचा पार माणसांनी भरला होता. नुकतं फटफटत होतं. ओढ्याच्या बाजूनं दिव्यांचा उजेड आला, वळला, आणि लाल गाडी सावकाश गावात शिरली. कुणीतरी ओरडलं, "आली!" सरपंचांनी नारळ फोडला. सुवासिनींनी हळदकुंकू आणलं होतं. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "मावशी, काचेला नका लावू, मला रस्ता दिसायचा न्हाई." सगळे हसले.

वेल्डिंगवाल्यानं पहिल्या दिवशी मुलीबरोबर नगरपर्यंत यायचं ठरवलं होतं. धुतलेला पांढरा शर्ट घालून तो दाराच्या पायरीवर चढला, आत डोकावला आणि पुन्हा खाली उतरला.

"अब्बा, येत न्हाई का?" मुलीनं विचारलं.

"मी कशाला? एवढ्या जनी हाईत की." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "भाभी, चलू द्या गाडी."

आत गेल्यावर मला दिसलं की नाव घालून घरी बसलेल्या आदल्या वर्षीच्या मुलीही डबे घेऊन आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. गाडी गावात येतेय एवढंच त्यांना पुरेसं होतं.

कंडक्टरनं विचारलं, "कुठं?"

"नगर, कॉलेज," मी म्हटलं, आणि मागून सगळ्या पोरी एका सुरात ओरडल्या, "कॉलेज!"

नगरला पोचलो तेव्हा पहिला तास सुरू व्हायला अवकाश होता. वर्गातल्या फळ्यावर अजून शनिवारची अक्षरं होती. मी ती स्वतः पुसली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. सर आले, हजेरी घेऊ लागले. माझं नाव आलं तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं 'हजर' म्हणाले की सरांनी चष्म्यावरून बघितलं. "ऐकू आलं," ते म्हणाले. मागं मुली खुसुखुसू हसल्या. मीही हसले. एवढ्या वर्षांनी माझं पूर्ण नाव कुणीतरी असं हजेरीत घेतलं होतं, आणि मी खरंच तिथं होते.

गाडी कायम झाली. तिच्यात हळूहळू दवाखान्याला जाणारे, एमआयडीसीत कामाला जाणारे, मार्केटला जाणारे असे सगळेच बसू लागले. संध्याकाळी मुक्कामाला परतणारी गाडीही आता आमच्या गावावरून येते.

पहिल्या सत्राचा निकाल लागला तो त्याच संध्याकाळच्या गाडीत. हायवे सोडायच्या आत रेंज असते, म्हणून सगळ्या जणी मोबाईल घेऊन बसलेल्या. वेल्डिंगवाल्याच्या मुलीचा निकाल आधी उघडला. वर्गात पहिली. तिनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि ओढणीत तोंड लपवलं. मग एकेकीचा. एकीचं इंग्रजी राहिलं होतं. मोबाईल दप्तरात टाकत ती म्हणाली, "काढते की पुढच्या टायमाला," आणि इतरांना मिठ्या मारायला उठली. शेवटी माझा. तो पोरींनीच बोट लावून उघडला. सगळे विषय पास! इंग्रजीत अगदी काठावर, पण पास.

गाडीत जो गोंधळ उडाला तो ऐकून ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "काय झालं गं पोरींनो?"

"काकू पास! आमी पास!"

गावची शीव ओलांडल्यावर त्यानं जो हॉर्नवर हात ठेवला, तो थेट पारापर्यंत उचललाच नाही. माणसं घरांतून धावत बाहेर आली. काही अपघात झाला की काय म्हणून हेही हातातलं टाकून आले. गाडी थांबायच्या आधीच पोरी खिडक्यांतून हात बाहेर काढून ओरडत होत्या, आणि त्यांच्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.